झोपडी हलवायची परवानगी

माझे सासरे तुंगार्लीच्या अलीकडल्या आमच्या गावाचे पोलीस पाटील. इंग्रज सरकार एवढं मोठं, पण आमच्या डोंगरापुढे त्याने हात टेकले होते. वरची कातकरवाडी आज इथे, तर उद्या पलीकडच्या माळावर. सत्ता चालवायची कुणावर? मग साहेबाने वाडी सपाटीला आणवली, झोपड्यांच्या कुडांवर डांबराने आकडे घातले आणि पुरुषांना रोज तिन्हीसांजेला चावडीवर हजेरी लावली. परवानगीशिवाय झोपडी हलवायची नाही. डोंगर आता ताळ्यावर आला, असं साहेबाला वाटलं असेल. मला ते काळे आकडे बघवत नसत.

आमच्याकडे सरपण घालणारी एक कातकरीण होती, माझ्याच वयाची. तिची थोरली पोर तापाने गेली. त्यांच्यात माणूस मेलं की झोपडी मोडून दुसऱ्या जागी बांधतात. गेलेलं माणूस आपल्या माणसांना बोलावतं म्हणे. मामंजींनी परवानगीचा अर्ज पाठवला. उत्तर येईना.

"आबा, तितं निजवत न्हाई वो," ती मामंजींना म्हणाली. "बारक्याला बी न्हेल ती."

"कागद येऊ दे. तवर हलू नगंस."

दुसऱ्या दिवशी एकटी तीच नव्हे, सगळी वाडीच जागेवर नव्हती. पळाले कुठले? वरच्या दांडावरचा त्यांचा धूर आमच्या अंगणातून दिसत होता. फौजदार मात्र बंदूकवाले शिपाई घेऊन आला. "बंड आहे हे," म्हणाला. मामंजींनी हातापाया पडून त्याला थोपवलं आणि स्वतः वर गेले. त्यांच्या शब्दाखातर सगळे मुकाट खाली आले. पुरुषांना बेड्या घालून नेलं. बायकांकडून जुन्याच जागी झोपड्या उभ्या करून घेतल्या. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. आमच्या घराला कातकऱ्यांचा तळतळाट लागणार, एवढंच माझ्या मनात येत होतं.

पुढे थंडीत ती कातकरीण चावडीवर आली. नवरा अजून तुरुंगात. बारका खांद्यावर, अंग तापाने फणफणलेलं. मामंजी लगबगीने उठले.

"गाडी जुंपतो. लोणावळ्याच्या डागदराकडं चल."

"गाडी ऱ्हाऊ द्या, आबा. अर्ज लिवा."

"कसला?"

"झोपडी मोडायचा. मागल्या येळंला लय उशीर झाला. आत्ताच लिवला, तर ह्यो जाईस्तवर कागद इल."