इस्त्र्या उभ्या करा!

आमच्या आत्याला लाँड्रीत सगळे 'पुढेकाय' म्हणतात. पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर. आणि ती ओ देते!

नाव तिनं कमावलेलं आहे. पाच भावंडांत ती थोरली. आजी कामावर जायची, त्यामुळे धाकट्यांना आंघोळ घालणं, भरवणं, झोपवणं सगळं हिच्या गळ्यात. त्यावर हिनं एक युक्ती काढली. राक्षस गुहेच्या तोंडाशी आला रे आला की गोष्ट थांबवायची.

"ताई, पुढे काय झालं?"

"आधी कान धू. मळके कान असलेल्यांना पुढचं ऐकू येत नाही."

माझे बाबा, म्हणजे तिचे पाठचे भाऊ, अजून सांगतात, "मी जेवणावर नाही वाढलो, उत्सुकतेवर वाढलोय."

पुढे लग्न झालं, पण काका दुसऱ्याच वाक्याला घोरायला लागायचे. मग आत्यानं आपला सगळा माल लाँड्रीत आणला. हातात इस्त्री, तोंडात गोष्ट. आवाज असा की वाफेच्या फुसफुसाटावरून सरळ शेवटच्या टेबलापर्यंत जावा. मी तिथेच घड्या घालते, त्यामुळे मला रोज पहिल्या रांगेतली जागा!

आमची खोली लांबट आहे. एका बाजूला तीन इस्त्रीची टेबलं: एकावर आत्या, आणि उरलेल्या दोनांवर दोन सख्ख्या जावा, थोरली आणि धाकटी. कोपऱ्यात सिंकपाशी डागवाली मावशी. तिच्या बाटल्या, तिचे ब्रश, तिची मतं. समोरच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी, पलीकडे काउंटर आणि काउंटरवर मालकीण. तिला सगळे वहिनी म्हणतात. का, ते कुणालाच आठवत नाही.

मावशीला आत्याच्या गोष्टी पसंत नव्हत्या.

"नुसती पळापळ गं तुझ्या गोष्टीत," ती ब्रश घासत म्हणायची. "पळतंय कोण ते कळायच्या आत मेला पुढच्या गल्लीत!"

"ओळख करून देत थांबवला, तर मागचा सुरेवाला धरेल ना त्याला."

"धरू दे की! मला तो कोण ते ठाऊक नाही, मग मी कशाला जीव टांगणीला लावू?"

"तू जीव टांगू नकोस, तू डाग काढ."

"डाग काढते म्हणून तर म्हणते. आधी माणूस बघावा. गोष्ट काय, त्याच्या मागून येते."

"माणूस काय करतो ते कळल्याशिवाय माणूस कळेल कसा?"

हे भांडण त्यांनी वर्षानुवर्षं टिकवून ठेवलं होतं. आठवड्यातून एकदा तरी दोघी ते काढायच्या, झटकायच्या आणि परत घडी घालून ठेवायच्या.

त्या दिवशी मात्र आत्या रंगात आली होती. गोष्टीतली बाई ओसाड घराच्या जिन्यानं वर चढलेली. हातात एकुलती एक किल्ली. आम्ही सगळ्या श्वास रोखून.

"तिनं कुलूप काढलं," आत्या हळू आवाजात म्हणाली. "दार जड. तिनं खांदा लावला. दार कुरकुरलं... आणि आत..."

आणि ती थांबली. थांबण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही! थोरली थांबली. माझ्या हातातली चादर अर्ध्यात थांबली. धाकटीची इस्त्रीसुद्धा थांबली. एका पांढऱ्या शर्टावर.

वास आधी मावशीला आला. "जळतंय! अगं, जळतंय!"

धाकटीनं इस्त्री उचलली तेव्हा शर्टाच्या मागच्या बाजूला, खालच्या घेरावर, इस्त्रीचा आख्खा तपकिरी ठसा उमटलेला होता. टोकासकट.

वहिनी आत आल्या. शर्ट बघितला, मग आमच्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"शनिवारी येणार आहे हा माणूस शर्ट न्यायला. मी काय तोंड दाखवू त्याला?" मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "आत्याबाई, तुमचा हात सोन्यासारखा आहे. पण ही गोष्ट आजपासून बंद. मी स्पीकर लावते. गाणी ऐका."

आत्या फक्त "बरं" म्हणाली.

त्या 'बरं'नं मी घाबरले. संध्याकाळी माझ्याबरोबर आमच्या घरी आल्यावर तिनं चहा केला आणि तो निवेपर्यंत कपाकडे बघत बसली. बाबांनी मुद्दाम विचारलं, "ताई, पुढे काय झालं?"

"काही नाही झालं. इस्त्री तर कुणीही करतं रे. मी तिथे जायचे ते कशासाठी?"

तेवढ्यात दार वाजलं. डागवाली मावशी, काखेत पुडकं. आल्या आल्या तिनं ते टेबलावर उलगडलं. तोच जळका शर्ट!

"डाग असता तर काढला असता," ती म्हणाली. "हे भाजलंय, जात नाही. पण मी वहिनींशी बोलून आलेय. शनिवारी हॉटेलचे टेबलक्लॉथ येतात, सगळ्यात जास्त काम. त्या दिवशी तू गोष्ट सांगायची. एकही कपडा जळला नाही, तर गोष्ट चालू. जळला, तर तू कायमची गप्प."

"आणि त्या कबूल झाल्या?"

"मी म्हटलं, जळला तर मीही माझी मतं बंद करीन. लगेच हो म्हणाल्या!"

आत्याच्या तोंडावर जरासा उजेड आला आणि लगेच गेला. "अगं, पण माझी गोष्ट थांबली की हात थांबणारच. तीच तर तिची मजा."

"म्हणून तर आले. न थांबणारी गोष्ट सांग. काही घडायलाच नको."

आत्यानं पदर खोचला, समोर बघितलं. "एक बाई होती. तिनं चहा केला."

"हं."

"प्याली."

"मग?" मी विचारलं.

"मग कप धुतला."

"आत्या, मी झोपले."

"अशी नाही गं!" मावशी खवळली. "बाई कोण? कप कसा धरते? कपाला कान आहे का?"

"मला काय माहीत! आत्ता तर जन्माला घातलीय तिला!"

"मग जन्माला आलेलाच घे की." मावशीनं शर्ट पुढे सरकवला. "हा घे. माणूसच आहे हा, नुसता आतून निघून गेलाय. कॉलर बघ. डावीकडून झिजलीय."

आत्यानं कॉलर उजेडात धरली. "मान कलती ठेवत असेल."

"ऐकून घेणाऱ्याची मान. आणि खाली बघ, घेराला किती सुरकुत्या! गच्च खोचतो, अगदी पोटात जाईपर्यंत. खिशातून काय निघालं सांगू? बसची तिकिटं. तांदळाएवढी होईपर्यंत दुमडलेली."

आत्या उठली. तिनं शर्ट खुर्चीच्या पाठीला घातला, समोर बसली आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "हा सगळंच आत खोचतो गं."

मावशीनं माझ्या मांडीवर थाप मारली. "आला! माणूस आला!"

शनिवारी टेबलक्लॉथचे गठ्ठे कमरेपर्यंत होते. स्पीकरचं खोकं फळीवर, न उघडलेलं. वहिनींनी शर्ट काउंटरखाली ठेवला आणि खिडकी उघडीच राहू दिली.

आत्यानं इस्त्री उचलली. परत ठेवली, पदराला तळहात पुसले आणि परत उचलली. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा घाबरलेली बघितली.

"एक माणूस आहे," ती म्हणाली. "तो सगळं आत खोचतो. शर्ट तर खोचतोच. शब्दही खोचतो. न्हाव्यानं केस नको तेवढे कापले. न्हावी विचारतो, 'कसं?' हा म्हणतो, 'चालेल.' शेजाऱ्यानं चपलांचं कपाट याच्या दारात आणून ठेवलं. 'चालेल ना?' 'चालेल.' तेव्हापासून हा स्वतःच्या घरात उडी मारून जातो."

थोरली खुदकन हसली. इस्त्री चालूच! "अगं, हे तर आपले भावजी!"

"आपले?" धाकटी म्हणाली. "तुमचे भावजी, माझा नवरा. आणि तो कसला खोचतोय! बाहेर फेकतो. टॉवेल बाहेर, मोजे बाहेर..."

"साहेब याचाच विनोद यालाच ऐकवतात," आत्या पुढे म्हणाली, "आणि हा हसतो. अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखा."

इस्त्र्या पळत होत्या! आत्या त्या माणसाचं एकेक काढत होती, बसमध्ये बाकाच्या कडेवर कसा बसतो, तिकीट तांदळाएवढं होईपर्यंत कसं दुमडतो, फोनवर बोलणं संपलं तरी समोरच्यानं ठेवेपर्यंत कसा धरून राहतो, आणि तिच्या बोलण्याबरोबर हात सरळ रेषेत जात होते, परत येत होते. पुढे काय होणार म्हणून कुणी अडून बसलं नव्हतं. सगळ्या त्या माणसाबरोबर चालत होत्या. माझ्या बाजूला घड्यांचा ढीग वाढतच होता. मावशी सिंकपाशी अशी उभी, जणू त्या माणसाला तिनंच बाळंतपण करून आणलंय.

"रोज सकाळी हा आरशासमोर उभा राहतो. 'नाही' म्हणायचा सराव करतो. तोंड उघडतं, जीभ वर जाते, ओठ बरोबर लागतात. फक्त आवाज निघत नाही. मग हा शर्ट खोचतो आणि कामाला जातो."

"अरेरे," धाकटी म्हणाली. "एकदा तरी बोल रे बाबा!"

आणि काउंटरवरची घंटा वाजली.

मी खिडकीतून बघितलं. ठेंगणासा माणूस. शर्ट गच्च खोचलेला. मान डावीकडे कललेली. हातात पावती, आणि तो ती दुमडत होता. परत दुमडत होता!

"आत्या," मी कशीबशी म्हणाले, "तो आलाय."

"कोण?"

"तोच!"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. खोलीत वाफेचा आवाजही थांबल्यासारखा झाला. आता तो काय म्हणणार? चालेल? आत्यालासुद्धा माहीत नव्हतं! आणि नेमक्या त्याच क्षणी तिला दिसलं: धाकटीचा हात पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर थांबला होता.

"इस्त्र्या उभ्या!" आत्या घशातल्या घशात ओरडली. "बायांनो, इस्त्र्या उभ्या करा!"

खट्. खट्. खट्. तिन्ही इस्त्र्या टाचेवर उभ्या राहिल्या.

पलीकडे वहिनी शर्ट उलगडत होत्या. "जरा चूक झाली हो आमच्याकडून. पण खालच्या बाजूला आहे. आत खोचलात की दिसणारसुद्धा नाही."

त्यानं तपकिरी ठशाकडे बघितलं. मान आणखी कलली.

"चालेल," तो म्हणाला.

आमच्या खोलीतून असा सुस्कारा निघाला की त्यानं दचकून खिडकीकडे बघितलं. पाच बायका, एकही ओळखीची नाही, आणि सगळ्या त्याच्याकडे बघतायत, जणू परीक्षेचा निकाल हाच सांगणार आहे. धाकटीनं दोन्ही हात छातीशी धरले होते. आत्याचे ओठ हलत होते. जीभ वर. ओठ बरोबर.

त्यानं दुमडलेली पावती बघितली. सावकाश उलगडली, काउंटरवर ठेवली, तळहातानं सपाट केली.

"नाही," तो म्हणाला. आवाज फुटका आला. त्यानं घसा साफ केला. "नाही चालणार. उद्या मला चार लोकांसमोर उभं राहून बोलायचंय. हा जळका शर्ट घालून मी बोलणार नाही. मला दुसरा हवा. आजच!"

आणि आमच्या खोलीत टाळ्यांचा कडकडाट! थोरलीनं शिट्टी मारली. तिला शिट्टी येते हे धाकटीलाही माहीत नव्हतं. मावशी डोळे पुसत ओरडली, "शाब्बास रे माझ्या राजा!"

बिचारा इतका गोंधळला की त्यानं आम्हाला वाकून नमस्कार केला. वहिनींनी संध्याकाळपर्यंत तसाच नवीन शर्ट घरी पोचवायचं कबूल केलं, आणि तो गेला. जाताना त्याच्या शर्टाचं एक टोक बाहेर आलेलं होतं. त्यानं ते तसंच राहू दिलं.

मग वहिनी आत आल्या.

"तुम्ही कुणाच्या बाजूच्या आहात?"

"त्याच्या!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आणि मग जिभा चावल्या.

वहिनींनी एकेक करून टेबलं तपासली. पहिलं, दुसरं, तिसरं. धाकटीचा टेबलक्लॉथ उचलून उजेडात धरला. उलटा केला. आत्या भिंतीला टेकली होती, मी तिचा हात धरला होता.

टेबलक्लॉथ पांढराशुभ्र होता.

वहिनींनी तो माझ्याकडे घडीला टाकला आणि दाराशी गेल्या. तिथून, मागे न वळताच, म्हणाल्या, "स्पीकर परत पाठवते. आणि आत्याबाई... तो तिकिटं का दुमडतो, ते तुम्ही सांगितलंच नाहीत. मी मघापासून वाट बघतेय."

आत्या आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. थोरलीनं तिला पाणी दिलं. जावांनी इस्त्र्या परत हातात घेतल्या. सगळं आपापल्या जागी आलं, फक्त सिंकपाशी ब्रशचा आवाज येईना. मावशी ओला ब्रश हातात धरून उभी होती, चेहरा जरा चोरटा.

"काय गं?" आत्या म्हणाली.

"काही नाही."

"बोल की! आत खोचू नकोस."

"अगं... ती तुझी जिन्यावरची बाई. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही." मावशीनं ब्रश खाली ठेवला. "त्या दाराआड काय होतं?"

आत्यानं डोळे पुसले. मान ताठ केली. मी ओळखलं, ती रंगात येतेय!

"सांगते ना. पण आधी ती बाई कोण, ते ऐक. तिची किल्ली धरायची एक लकब होती..."

"मरू दे ती लकब!" मावशी किंचाळली. "दार उघड आधी!"

आत्यानं तिन्ही टेबलांवरून नजर फिरवली.

"बायांनो," ती म्हणाली, "इस्त्र्या उभ्या करा."