पुण्याची पाकिटं

आगाशीच्या वसुंधराबाईंना सवत नव्हती, पण दर पंधरवड्याला पुण्याहून एक जाडजूड पाकीट यायचं आणि ते सवतीइतकंच सलायचं.

पाकीट यायचं त्यांच्या यजमानांच्या नावे. शरदचंद्र कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि अणूचा नवा सिद्धांत मांडायला बसले. ईमेल केला तर कल्पना चोरीला जाईल ही धास्ती, म्हणून सगळं हातानं लिहून टपालानं. लिहायचं एकाच व्यक्तीला: हेमांगी, एम.एस्सी.ची वर्गमैत्रीण, पुण्यातली निवृत्त प्राध्यापिका. घरात "मीठ कमी आहे" यापलीकडे ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, ते गृहस्थ तिला बारा-बारा पानं लिहीत. बाईंच्या पोटात दुखे, आणि का दुखू नये?

"मला तरी सांगा की त्यातलं काही," त्या म्हणत.

"अणूचं आहे गं, कंटाळशील."

चाळीस वर्षं एकटीनं पानवेलींची वाडी राखणारी बाई कशाला कंटाळते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बाईंना अणू नको होता. हवं होतं ते बोलणं, जे सगळं पुण्याला जात होतं.

शिमग्याआधी वेलींची उतरण चालली होती. वर्षभर आधाराला चढलेला वेल सोडवून खाली घ्यायचा, बुडाशी वेटोळं करून मातीत पुरायचा आणि शेंडा वर ठेवायचा. ते आटपून बाई यजमानांचं पुण्याला जाणारं पाकीट घेऊन पोस्टाकडे निघाल्या, कारण सवतीला पोचवायचं कामही त्यांच्याच गळ्यात. त्या दिवशी मात्र देवळाच्या पायरीवर टेकल्या आणि पाकीट फोडलं.

आत गणितंच गणितं. प्रेमाचं एक अक्षर नाही. बाईंना हायसं वाटलं, पण तिसऱ्या पानापर्यंतच. तिथं लिहिलं होतं, "उतरवलेला वेल संपत नाही, पुन्हा चढतो. इलेक्ट्रॉनचंही तसंच असावं. परवा वाडीत फिरताना हे मला सुचलं. जमिनीत गेलेला भाग मात्र मरतो."

सुचलं? परवा जेवताना हे बाईंनीच सांगितलं होतं आणि स्वारीनं वालाच्या बिरड्यातून मानसुद्धा वर काढली नव्हती! बायकोचं उचलायचं, दुसरीला द्यायचं, तेही चुकीचं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

पिशवीतलं पेन काढून त्यांनी शेवटच्या पानामागे लिहिलं, "हेमांगीताई, हे त्यांना सुचलेलं नाही, मी सांगितलं. आणि पुरलेला वेल मरत नाही. पेरापेराला नवी मुळं धरतो, म्हणून तर पुन्हा चढतो. वसुंधरा." पोस्टातल्या डिंकानं पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.

आठवड्यानं दोन पाकिटं आली. शरदचंद्रांच्या पाकिटात अर्धं पान होतं: मुळांमुळे तिसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, अधिक वसुंधराताईंना विचारावं.

बाईंच्या पाकिटात पाच पानं होती, नुसत्या प्रश्नांची. किती पेरं पुरता? मुळं किती दिवसांत धरतात? शेंडा मोडला तर? बाई ओटीवर बसून सावकाश वाचत होत्या, मध्येच हसत होत्या.

शरदचंद्रांनी उगाच दोन येरझाऱ्या घातल्या, चष्मा पुसला, मग न राहवून विचारलं, "माझ्याबद्दल काही लिहिलंय का तिनं?"

बाईंनी पाचही पानं पुन्हा नीट पाहिली.

"नाही," त्या म्हणाल्या.