माणसाला लावत नाहीत

आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना सगळे डिक्शनरीबाई म्हणायचे. इंग्रजी शब्द अडला की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांच्या टेबलाशी जायचे. बाई अर्थ सांगायच्या, पण त्या शब्दाचं वाक्य लिहून घेतल्याशिवाय कुणाला सोडायच्या नाहीत. बरोबर आलं तर लाल पेन्सिलीने टिक. बावीस वर्षं हा जाच आम्ही सोसला.

परवा साहेबांनी विचारलं, "बाई, एखादी गोष्ट वापरातून जाते, त्याला भारदस्त शब्द सांगा की."

"डेस्विट्यूड," बाई खुलल्या. "पण जपून हं. जुन्या नियमाला, पद्धतीला लावतात. माणसाला लावत नाहीत."

सोमवारी साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांच्या हातात इंग्रजी पत्र ठेवलं. टायपिस्टचं पद डेस्विट्यूडमध्ये गेल्यामुळे महिनाअखेर बंद होत आहे, असं त्यात होतं.

बाई पुटपुटल्या, "साहेब, मी सांगितलं होतं..."

"माणसाला कुठे लावलाय? पदाला लावलाय. वाक्य चुकलंय का?"

आम्ही खाली माना घालून हसलो. मीसुद्धा. कित्येक वर्षांचं उट्टं निघत होतं.

बाईंनी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं. मग लाल पेन्सिल उचलली आणि त्या वाक्यापुढे टिक केली.