बुजवलेलं आळं

बाळासो चौगलेंच्या म्हशी नांदरुकाच्या झाडाखाली उभ्या राहायच्या, ते त्यांच्या वडिलांच्या काळापासून. संध्याकाळी सावल्या लांबल्या की ते तीन म्हशी घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायचे. त्यांच्या बायको शालूबाई बादलीतल्या पाण्यानं कास धुवायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चरवीत धार पडायची. फेसानं भरलेला पेला तिथंच उभ्यानं प्यायचा. असे दूधकट्टे कोल्हापुरात बरेच आहेत, पण आमच्या कट्ट्याला वरून झाडाचं छप्पर होतं. मुलगा राजवीर कागलला कारखान्यात नोकरीला लागला. शेणात हात घालणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं, तेव्हाही बाळासोंनी वाद घातला नाही. वाद घालायचा त्यांचा स्वभावच नाही.

म्हणून रस्त्याच्या कामाच्या वेळी त्यांनी जे केलं त्याचं सगळ्यांना नवल वाटलं. रस्ता काँक्रीटचा व्हायचा होता आणि ठेकेदाराला झाड मधे येत होतं. कामावर देखरेख करणारी पालिकेची इंजिनिअर वल्लरी हेर्लेकर, नुकतीच नोकरीला लागलेली. तिनं रस्ता झाडाला वळसा घालून काढायचा नकाशा केला होता आणि बुंध्याभोवती मातीचं ऐसपैस आळं ठेवलं होतं. ठेकेदाराला ते नको होतं. एका दुपारी ती यायच्या आत त्याची माणसं करवत घेऊन आली. बाळासोंनी तिन्ही म्हशी आणून बुंध्याला बांधल्या आणि शेजारी उकिडवे बसले.

"म्हशी सोडा, मामा."

"सोडत न्हाय. धार काढायची हाय."

"आत्ता? भर दुपारी?"

"आमच्या म्हशी हायत. आमी कवाबी काढू की."

वल्लरी धापा टाकत येईपर्यंत त्यांनी खरोखरच एका म्हशीखाली बैठक मारली होती. झाड राहिलं. तालमीच्या पोरांनी बाळासोंना फेटा बांधून मिरवलं. वल्लरीनं काम पुढं सरकल्यावर त्यांना बजावलं, "काका, हे आळं मोकळं ठेवा हं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते." बाळासो म्हणाले, "व्हय मॅडम."

मी स्थापत्य शिकलो आहे. आमच्या नकाशात झाड म्हणजे एक वर्तुळ असतं, त्यापलीकडं फारसं कुणी शिकवत नाही. अन्नपाणी शोधणारी बारीक मुळं खोल नसतात, वरच्या हात-दीड हात मातीतच लांबवर पसरलेली असतात, हे मलाही त्या झाडामुळंच कळलं. बाळासोंना निदान सांगितलं तरी होतं.

पावसाळा आला. आळ्यात शेण, मूत आणि पाणी मिळून असा राडा झाला की पेला घ्यायला पुढं यायचं म्हणजे कसरत. निवृत्त शिक्षिका श्यामलाबाई घसरून पडल्या आणि कमरेला पट्टा लावून घरी बसल्या. बॅटरीचं दुकान चालवणारा उदयसिंह, जुना पैलवान, रोज टोमणे मारायचा. "बाळासो, दूध प्याला बोलावताय का भाताच्या लावणीला? चिखलात उतरायचं म्हंजे चड्डीवर यायला पायजे मर्दा!" सगळे हसायचे, बाळासोही हसायचे. पण गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली होती.

पाऊस सरल्यावर शेजारच्या नव्या घराचा स्लॅब ओतला गेला. बरंच काँक्रीट उरलं. मिस्त्री म्हणाला, "लागत असंल तर घ्या, न्हाय तर टाकून देणार." बाळासोंनी झाडाकडं पाहिलं. एवढं मोठं झाड, त्याला काय व्हतंय, असं त्यांना वाटलं. शालूबाईंनी घमेली भरून दिली, त्यांनी थापीनं पसरलं, पार बुंध्याला चिकटवून. पाणी साचू नये म्हणून गटाराकडं सुरेख उतारही दिला. त्याच आठवड्यात ठेकेदाराची माणसं गटारावर झाकणं बसवत होती. संध्याकाळी उदयसिंहानं विचारलं, "हे झ्याक झालं की! कुणी केलं?"

"मुन्शिपालटीनं," बाळासो म्हणाले.

का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुधा फेट्यामुळं.

कट्टा पुन्हा भरला. श्यामलाबाई काठी टेकत यायला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात झाडाच्या शेंड्याला पालवी फुटली नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गटाराच्या बाजूच्या फांद्या नागड्या झाल्या. बाळासो मान वर करून बघायचे आणि लगेच खाली घालायचे. सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर ते बुंध्याशी बादल्या रिकाम्या करायचे आणि पाणी त्यांनीच दिलेल्या उतारावरून सरळ गटारात जायचं. रात्री जेवण जाईना. शालूबाई म्हणायच्या, "पित्त झालंय तुमास्नी." दोघांनाही माहीत होतं की पित्त नाही.

गेल्या पावसाळ्यात वाळलेली एक फांदी मोडून उभ्या मोपेडवर पडली. गाडीवाला थोडक्यात वाचला, पण गल्ली पेटली. झाडाभोवती काँक्रीट कुणी ओतलं? नकाशा कुणाचा? सगळी बोटं वल्लरीकडं वळली. तिची बदली केव्हाच दुसऱ्या प्रभागात झाली होती, तरी ती आली. कट्ट्याची वेळ होती. झाडाखाली बसून तिनं हातानं शेण बाजूला केलं, काँक्रीटवर बोटं फिरवली.

"काका, माझंच चुकलं," ती म्हणाली. "शेवटचं काम झाल्यावर मी येऊन बघितलंच नाही. ठेकेदारानं फोटो पाठवले, त्यात झाड नव्हतं, तरी मी सही केली. तुम्ही एवढं वाचवलेलं झाड... उद्या साहेब पाहणीला येणार आहेत. मी लिहून देणार आहे, चूक माझी आहे म्हणून."

बाळासोंच्या हातात भरलेला पेला होता. त्यांनी तो तिच्यापुढं केला. "घ्या. दमला असशीला."

ती प्यायली.

घरी गेल्यावर शालूबाईंनी आधी दार लावलं. "आता बोलायचं न्हाय. कट्टा उठवतील. म्हशी कुठं बांधायच्या? राजवीरच्या दारात?"

"पोरगीची नोकरी जाईल."

"सरकारी नोकऱ्या अशा जात न्हाईत."

बाळासो दाराची कडी काढून म्हशींना वैरण टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मागं सगळी गल्ली. शेवटच्या कामाची पाहणी का केली नाही, फोटो कुठायत, असं साहेब वल्लरीला विचारत होते आणि ती खाली बघून "सर, जबाबदारी माझी" म्हणत होती. उदयसिंहाचा आवाज सगळ्यांत मोठा. "आमच्या बाळासोनं म्हशी आडव्या घालून झाड राखलं, आन् तुमी ऑफिसात बसून सह्या मारताय व्हय!"

"उदय, गप," बाळासो म्हणाले. "ते मी वतलोय."

"काय?"

"काँक्रीट. शेजारचा स्लॅब पडला तवा उरलेलं. मीच वतलोय."

उदयसिंहानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बघा सायेब, काळीज बघा! पोरगीला वाचवाय सोत्ताच्या अंगावर घ्याला लागलाय!" लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. साहेब हसून म्हणाले, "चौगले, तुमच्या भावना समजतात, पण—"

"भावना न्हवं सायेब. खरं सांगतोय."

"बरं बरं."

बाळासो रडकुंडीला आले. इतकी वर्षं न बोलता काढली होती आणि आता बोलले तर कुणी घ्यायला तयार नव्हतं. ते परत सांगायला लागले, थापी, उतार, झाकणं, सगळं. लोक हसत, कौतुकानं, ऐकत होते.

तेव्हा मागून शालूबाई पुढं आल्या. "कशाला दात काढाय लागलाय? घमेली मी भरून दिलो. दोगांनी मिळून वतलंय. आन् मुन्शिपालटीनं केलं म्हणून तुमास्नी ह्यांनीच सांगितलं, आठवा की!"

उदयसिंहाला आठवलं. त्याचा हात बाळासोंच्या पाठीवर होता, तो त्यानं काढून घेतला.

वल्लरी रागावली नाही, आरडाओरडाही केला नाही. बाळासोंच्या समोर येऊन एवढंच म्हणाली, "काल मी माफी मागत होते आणि तुम्ही मला दूध पाजलंत."

ते वाक्य बाळासोंना खाली बसवून गेलं. ते खरोखरच रस्त्यावर बसले.

साहेबांनी सांगितलं, काँक्रीट काढा आणि म्हशी इथं बांधायच्या नाहीत. यंत्र लावायला वल्लरीनं मनाई केली, धक्क्यानं उरलीसुरली मुळं तुटतील म्हणून. बाळासो म्हणाले, मी काढतो. कट्टा आता पलीकडच्या चौकात, उन्हात आहे. शालूबाई तो सांभाळतात. जुनी गिऱ्हाइकं अर्धी तरी तुटली. उदयसिंह येतो, पेला रिकामा करतो, जातो. टोमणा मारत नाही आणि त्याचंच बाळासोंना जास्त लागतं.

ते सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन बसतात. तळहाताएवढा तुकडा निघायला बराच वेळ जातो. खालची माती पावसाळा होऊनही राखेसारखी कोरडी होती, आणि त्यातली बारीक मुळं चिमटीत धरली की मोडत होती. वल्लरी मधे एकदा येऊन बघून गेली. "वाचंल का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "सांगता येत नाही," आणि माती कशी सैल करायची ते दाखवलं. चहाला थांबली नाही.

परवा मी तिथून जात होतो. मलकापूरकडचा एक मोटारसायकलवाला पत्ता विचारायला थांबला होता. बाळासोंचं काम बघून त्याला भरून आलं. "झाडासाठी एवढं कोण करतंय आजकाल! लई पुण्याचं काम हाय, मामा."

बाळासोंनी हातोडा खाली ठेवला.

"न्हाय, पावणं. हे मीच बुजवलं हुतं."

पाहुण्यानं गाडी सुरू केली. बाळासोंनी त्याला पत्ता नीट समजावून सांगितला, डावीकडं कुठं वळायचं तेही, आणि पुन्हा छिन्नी लावली.