छबिन्यातला एक बिघडलेला फोटो

ती घटना आठवली की आजही मला हसू येतं. त्या सकाळी मात्र कोणी हसत नव्हतं.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यात फौजदार म्हणून नेमणुकीला होते. सणसरच्या पुढच्या एका गावातून यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचा फोन आला. रात्रीच्या छबिन्यात, म्हणजे देवाच्या पालखी मिरवणुकीत, मुखवट्यावरचं चांदीचं छत्र गेलं होतं आणि चोर त्यांनी धरून ठेवला होता.

जाऊन पाहिलं तर देवळाच्या ओसरीवर गावचाच फोटोग्राफर बसवलेला. कॅमेरा कमिटीच्या ताब्यात. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. आबा म्हणाले, "मॅडम, देवाच्या एवढ्या जवळ दुसरं कोण गेलंच न्हाय. रातभर पालखीत तोंड घालून फोटू काढत हुता."

"रात्रीचा फोटू लांबनं येत न्हाय, आबा. तुमच्याच पोरांच्या लग्नात एवढ्याच जवळ हुतो की," फोटोग्राफर म्हणाला. सकाळपासून दोन लग्नांच्या ऑर्डरी रद्द झाल्याचे फोन त्याला आले होते.

जागेचा पंचनामा केला, कॅमेरा जप्त केला, त्याची झडती घेतली. काही मिळालं नाही. चौकीत त्याला चहा दिला आणि म्हटलं, "सगळे फोटो दाखव. चांगले नकोत, बिघडलेले दाखव." चांगल्या फोटोत माणूस सावध असतो, हा माझा अनुभव.

वेशीजवळच्या वळणावर जनरेटर बंद पडून अंधार झाला होता. देवाच्या मुखावर फ्लॅश मारायचा नाही, असा पुजाऱ्यांचा दंडक. म्हणून याने अंधारात कॅमेरा खाली धरून एकच फ्लॅश मारला होता. फोटोत चेहरा एकही नव्हता. गुलालाने माखलेले पाय, दांडीखालचे खांदे आणि आत वाकलेल्या एका माणसाची पाठ. त्याच्या कमरेला मागे चपलांचा जोड खोचलेला होता. हिरवे पट्टे, टायरचा तळ.

मी आबांना बोलावून फोटो दाखवला. "खांदेकऱ्यांपैकी कोण हा?"

"आमचा न्हाय," आबा लगेच म्हणाले. "खांद्याचा मान ठरलेल्या घरांना. ती मानसं देवळातनंच अनवाणी निघत्यात. चप्पल घरी."

म्हणजे हा मध्येच चप्पल काढून आत शिरलेला. जनरेटरच्या ट्रॉलीबरोबर बारामतीहून दोन कामगार आले होते. दोघांना बोलावलं. एकाच्या पायात बूट. दुसऱ्याच्या पायात तोच हिरव्या पट्ट्यांचा जोड.

"जनरेटर का बंद पडला?"

"डिझेल संपलं हुतं, मॅडम."

"आणि पालखीपाशी काय काम होतं?"

"मी गेलोच न्हाय."

मी फोटो पुढे सरकवला. त्याने पाय मागे ओढून घेतले.

"चप्पल कशाला काढलीस?"

"मग काय, चप्पल घालून देवाला हात लावू व्हय?"

"काढून तिथंच ठेवायची होती."

"जत्रंत चप्पल राहती का, मॅडम? कुणीतरी चोरली असती."

पंचांमधला एक जण तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला. ट्रॉलीच्या अवजारांच्या पेटीतून छत्र निघालं.

माणूस गुन्हा करताना कायदा विसरतो, पण अंगवळणी पडलेलं काही विसरत नाही. पुढच्या नोकरीत मी चेहऱ्याआधी सवयी बघितल्या आणि त्याचा फायदाच झाला.

दुसरी गोष्ट मला आबांनी शिकवली. मी फोटोग्राफरला सांगितलं होतं, तुझ्यावर संशय नाही, हवं तर तसं लेखी देते. आबा म्हणाले, "कागद कोण वाचतंय, मॅडम?" आणि ऐन बाजाराच्या वेळी त्याला आपल्या मोटारसायकलवर मागे बसवून गावभर फिरले. शेवटी चौकातल्या हॉटेलात, सगळ्यांना दिसेल अशा बाकावर, दोघांनी एका बशीतली भजी खाल्ली. संध्याकाळपर्यंत दोन्ही ऑर्डरी परत आल्या.

निर्दोष असल्याचा दाखला पोलीस देत नाहीत. तो गावच देतं.