सुभेदारांनी टोकलं

आमच्या शेजारच्या सुभेदारांइतका संशयी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. बाळांनो, तुम्ही दोघं तिकडे हौसेने विमानातून उडी मारणार असं कळलं, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते. फौजेत त्यांनी अशा पुष्कळ उड्या मारल्या. आभाळाला ते कधी भ्यायले नाहीत, भ्यायचे ते पट्ट्याला, शिवणीला, बकलाला. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी मांडवाचे खांब हलवून पाहायचे. माझ्याकडे चहाला आले तरी खुर्ची उलटी करून तपासल्याशिवाय टेकत नसत. एकदा तुमचे आजोबा स्कूटरवरून निघाले, तर यांनी हेल्मेटचा पट्टा असा खेचला की कवळी बाहेर आली. "पट्टा पक्का आहे, वहिनी," म्हणाले, "दाताचं तुम्ही पाहा."

लोक हसायचे. हसण्यापलीकडे त्यांचा उपयोग कोणी केला नाही.

मग त्यांच्या मुलाने जीपमागे दोर बांधून माणसाला वर उडवायची छत्री आणली. पांढरकवड्याच्या रस्त्यालगत मैदान घेतलं, दसऱ्याचा मुहूर्त धरला, पुढारी बोलावला. आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तशी छत्रीचीही झाली. पट्ट्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार, वर नारळाचं पाणी आणि साखर. सगळ्यांच्या आधी मुलगाच उडणार होता. तो पट्टे बांधून उभा राहिला आणि सुभेदारांनी पुढे होऊन त्याच्या बकलाला हात घातला.

"थांब. यात साखर अन् कुंकू अडकून राह्यलं. खटका पुरा बसत नाही."

"बाबा, पूजा झाली न! आता कायले हात लावता?"

"पूजा झाली, तपासणी कुठं झाली? धुऊन घेतो, दोन मिनिटं थांब."

"सुभेदार, जीपचा सायलेन्सरही हुंगून पाहा!" मागून कोणीतरी ओरडलं. पुढारी घड्याळ पाहत होता. मुलाचा चेहरा लाल झाला. "लोकं हासून राह्यले. घरी जा तुम्ही."

जीप सुटली. पोरगा दुमजली घराएवढा वर गेला, तिथे बक्कल सुटलं. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला.

आणि गावाने निकाल काय दिला? म्हाताऱ्याने ऐन मुहूर्तावर टोकलं, म्हणून घडलं. साखरेचं नाव कोणी काढलं नाही. ज्यांनी ती टाकली त्यांनीच दवाखान्यात येऊन सुभेदारांकडे पाठ फिरवली. मुलानेही तेच खरं मानलं. तेव्हापासून एका घरात राहून तो बापाशी बोलत नाही. म्हणून सांगते, उडायच्या आधी कोणी टोकलं तर त्याच्यावर चिडू नका. थांबा, पट्टे पुन्हा पाहू द्या.

आताशा दुपारी मुलगा ओसरीवर बसतो. सुभेदार येऊन त्याच्या काठीच्या टोकाचं रबर दाबून पाहतात, झिजलं असेल तर नवं बसवतात. मुलगा रस्त्याकडे तोंड करून बसलेला असतो. पण काठी मात्र तो बापाच्या हाताला लागेल अशीच ठेवतो.