पुढच्या वर्षीचे दोर

ऑफिसात तिला सगळे रॉकेट म्हणत. काम सांगायचा अवकाश, ही हजर. रॉकेटला बँकेत जायचं होतं. पण पासबुक भरून देणाऱ्या बँकेत नव्हे, अख्ख्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणाऱ्या बड्या बँकेत. तिथलं दार बिझनेस स्कूलमधून उघडतं, आणि स्कूलवाले आधी विचारतात, आजवर कुठं काम केलंत? म्हणून ती या छोट्या सल्लागार फर्ममध्ये घासत होती. अनुभव गाठीला बांधायचा, साहेबांची मर्जी सांभाळायची आणि वेळ आली की साहेबांनी स्कूलला दोन चांगले शब्द सांगायचे, एवढाच बेत. ते शब्द मिळाले नाहीत तर सगळी मेहनत पाण्यात.

साहेब गोड माणूस. त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर भीती त्याचीच वाटायची. त्यांची कामाची रीत उलटी होती. नफ्याचा आकडा ते आधी फळ्यावर लिहीत, मग बाकीच्यांनी खालची कोष्टकं अशी जुळवायची की बेरीज बरोबर तिथंच यावी. "आकडा मी दिलाय, कारणं तुम्ही शोधा," असं हसत म्हणायचे.

मध्यंतरी लिफ्टची देखभाल करणारी एक कंपनी विक्रीला आली. तिचा नफा काही केल्या फळ्यावरच्या आकड्याला पोचेना. सगळे डोक्याला हात लावून बसलेले. रॉकेटची नजर एका ओळीवर गेली: जुने दोर बदलणे. तिने तो खर्च उचलला आणि पुढच्या वर्षाच्या रकान्यात नेऊन ठेवला. आकडा बसला. "ही पोरगी नाव काढणार," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. त्या दिवशी तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

घरी ती आणि आई, दोघीच. आई शिवणकाम करायची. मशीन चालवून चालवून तिच्या गुडघ्यांचं पार वाटोळं झालं होतं, त्यामुळे खाली जायचं तर लिफ्टशिवाय गत्यंतर नव्हतं. लिफ्टही जुनीच, जाळीच्या दाराची. हल्ली दोन मजल्यांच्या मध्ये ती अडखळायची, वरून खरवडल्यासारखा आवाज यायचा. "माझीच बहीण आहे ती," आई म्हणायची, "तिचेही गुडघे बोलतात."

एका रविवारी लिफ्टवाला तपासायला आला. रॉकेट दाराशीच उभी होती.

"काय झालंय हिला?"

"दोर म्हातारे झालेत, ताई. तारा सुटायला लागल्यात."

"मग बदला की!"

"बदलणारच होतो. नवे दोर आलेसुद्धा होते, परत पाठवले. कंपनी विकायचीय ना. कुणीतरी हिशेब मांडलाय, त्यात हे काम पुढच्या वर्षी दाखवलंय. मग तसंच करा म्हणाले."

त्याच्या शर्टावरचं कंपनीचं नाव तिने आत्ता कुठे वाचलं. आपण फक्त अंदाज मांडला, असं ती समजून चालली होती. त्या अंदाजाचा हुकूम झाला होता.

"निदान बंद तरी ठेवा."

"ते माझ्या हातात नाही. वर कळवलंय मी."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिच्यासाठी चहा मागवला.

"आण की ती ओळ परत. सौदा फिसकटेल, एवढंच. आणि हो, या आठवड्यात तुझ्या स्कूलचा फोन येणार आहे मला. काय सांगू त्यांना? हुशार आहे, पण ऐनवेळी कच खाते?"

त्यांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. तिने एक उचललं. "राहू दे सर," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

फोन झाला. साहेबांनी तिची तोंडभरून स्तुती केली. जागा मिळाली. आईला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. तिने मजल्यामजल्यावर जाऊन बातमी सांगितली, अर्थात लिफ्टने. रॉकेट प्रत्येक वेळी श्वास रोखून दाराशी उभी.

संध्याकाळी तिला राहवेना. "आई, तू उद्यापासून लिफ्टने जाऊ नकोस."

"का गं?"

मग सगळंच बाहेर पडलं. आईने मशीन थांबवलं.

"आणि वरच्या मजल्यावरची जुळी? त्यांना सांगितलंस?"

"सगळ्यांना सांगितलं तर विचारतील, तुला कसं कळलं. साहेबांच्या कानावर गेलं तर ते एका फोनवर माझी जागा घालवतील, आई."

आईने कापड घडी घालून ठेवून दिलं.

सकाळी रॉकेटला जाग आली ती जिन्यातल्या आवाजाने. आई चपला घालून, जाळी उघडी धरून लिफ्टपाशी उभी होती. लिफ्ट वर येईना म्हणून जुळी दप्तरं घेऊन जिन्याने खाली आली, तशी आई त्यांना म्हणाली, "तुम्ही जिन्याने पळा रे. बघू कोण आधी पोचतं!" पोरं धूम पळाली. आईने आत शिरून जाळी ओढली.

"आई, वेडी झालीस का?"

"कुणीतरी बसणारच आहे हिच्यात. तू सांगेपर्यंत मी बसते."

लिफ्ट खाली निघाली. जाळीतून काळे, तेलकट दोर सरकताना दिसत होते. मग खरवडल्याचा आवाज आला, एक हिसका बसला आणि दोर थांबले. ते पुन्हा हललेच नाहीत.

"आजी, आम्ही जिंकलो!" जुळी तळमजल्यावरून ओरडली. "आजी, या ना!"

आईची ओ आली नाही.

"दूर व्हा तिथून!" रॉकेट जिवाच्या आकांताने ओरडली. "दोर तुटायला आलेत! कुणी पाय ठेवू नका लिफ्टमध्ये! कुणीतरी या, आई आत आहे!"

पटापट दारं उघडली. समोरचे काका बनियनवरच धावत आले.

"दोर? तुला कसं कळलं?"

"मीच केलंय ते," ती म्हणाली, आणि जिन्याकडे धावली.